राघूची ट्यूब: सांगलीत इग्वानासाठी यूव्हीबी दिवा घेताना

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधी सांगते. सांगली-मिरजेत कुणाच्या घरी मोठा हिरवा इग्वाना, म्हणजे झाडावर राहणारा मोठा सरडा असेल, तर त्याला रिफ्लेक्टर असलेली बारा टक्के यूव्हीबीची (उन्हातल्या न दिसणाऱ्या अतिनील किरणांतला एक भाग) टी५ हाय-आउटपुट, म्हणजे बारीक पण जास्त जोराची ट्यूब लावा. माझ्याकडे आर्केडियाचं ३९ वॅटचं प्रो टी५ किट आहे आणि मी त्यावर खूश आहे. पिळाचा छोटा यूव्हीबी बल्ब मोठ्या इग्वानाला पुरत नाही. ऊब आणि यूव्हीबी एकदम देणारा मर्क्युरीचा बल्ब चांगला असतो, पण आपल्या उन्हाळ्यात तो चालवता येत नाही. वेळ असेल तर पुढचंही वाचा, कारण दिवा कुठला घेतला यापेक्षा तो किती अंतरावर लावला आणि कधी बदलला यावर या जनावराची हाडं टिकतात.

मी मिरजेत त्वचारोग विभागात फोटोथेरपीच्या मशीनवर टेक्निशियन आहे. सोरायसिसचे आणि कोडाचे पेशंट गॉगल लावून आमच्या चेंबरमध्ये उभे राहतात आणि चारी बाजूंच्या ट्यूब पेटतात. त्या यूव्हीबीच्याच असतात, ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या (नॅनोमीटर म्हणजे किरणांच्या लहरीची लांबी मोजायचं माप). डोस मिलिज्यूलमध्ये काढायचा, त्याप्रमाणे वेळ लावायची, आणि ठरलेल्या मुदतीने मीटर धरून ट्यूबचा जोर तपासायचा, हे आमचं काम. ट्यूब डोळ्यांना नव्यासारखी लख्ख दिसते आणि मीटरवर उतरलेली निघते, हे आम्हाला नवीन नाही. म्हणून दुकानदार 'ताई, उजेड बघा की किती झकास पडतोय' म्हणाला तरी माझं समाधान होत नाही. यूव्हीबी माणसाच्या डोळ्यांना दिसतच नाही.

राघू हा आमचा इग्वाना, मूळचा माझ्या धाकट्या भावाचा. तो नोकरीसाठी परदेशी गेला आणि राघू कागदपत्रांसकट पुण्याहून आमच्याकडे विश्रामबागला आला. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत पाच फुटांच्या आसपास भरतो, त्यात निम्म्याहून जास्त शेपटीच. सुताराकडून प्लायवूडचा सहा फूट उंच आणि पाच फूट रुंद पिंजरा करून घेतला, पुढे आणि वर वेल्ड केलेली इंचभर भोकांची जाळी. नवीन पाहुणा आला की पहिला प्रश्न ठरलेला: 'घोरपड पाळली व्हय ओ?' घोरपड नाही. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ती घरात ठेवणं गुन्हा आहे, आणि बत्तीस शिराळा ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, पूर्ण शाकाहारी. तो साईट्सच्या (वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर नोंदणी करावी लागते, मालकी बदलली तर तीही कळवावी लागते. दिव्याचा विचार करण्याआधी ते उरकून घ्या.

आता यूव्हीबी कशाला लागतं. इग्वानाच्या कातडीत कोलेस्टेरॉलसारखाच एक पदार्थ असतो. त्यावर साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरची किरणं पडली की त्याचं प्री-व्हिटॅमिन बनतं, आणि मग शरीराच्या उबेने त्याचं व्हिटॅमिन डी३ होतं. उबेने, हे लक्षात ठेवा, कारण दिवे कुठे टांगायचे ते यावर ठरतं. पुढे यकृत आणि मूत्रपिंडातून जाऊन ते कामाला लागतं आणि आतड्यातून कॅल्शियम शोषलं जातं. डी३ नसेल तर शेवगा आणि तुतीचा पाला कितीही घाला, कॅल्शियम अंगी लागत नाही. मग शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून वापरायला लागतं. खालचा जबडा मऊ पडतो, सुजतो. बोटं थरथरतात. मांड्या जाड दिसायला लागतात आणि मालकाला वाटतं जनावर बाळसं धरतंय, प्रत्यक्षात हाड ठिसूळ होऊन त्याच्याभोवती तंतूंचा थर चढत असतो. शेवटी पोट जमिनीवरून उचलत नाही, मागचे पाय ओढत चालतो. इथपर्यंत गेलेलं जनावर पूर्ण पहिल्यासारखं होणं अवघड असतं.

डी३ ची पावडर मिळते, ती देऊन भागेल का असं पुष्कळ लोक विचारतात. मी तिच्यावर विसंबत नाही. ती जास्त झाली तर शरीरात साठून अपाय करते. किरणांनी कातडीत तयार होणाऱ्या डी३ चं तसं नाही. गरजेपुरतं झालं की पुढचं प्री-व्हिटॅमिन त्याच किरणांनी मोडून दुसऱ्या निरुपद्रवी पदार्थांत जातं. हा लगाम शरीरातच आहे, तो बाटलीत नसतो.

सासूबाईंनी विचारलं होतं, सांगलीत उन्हाला काय तोटा, की त्यासाठी विलायती ट्यूब आणायची? प्रश्न अगदी रास्त आहे. आपण जवळपास १७ अंश अक्षांशावर आहोत, मेच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. उन्हासारखा दिवा कुठल्याही कंपनीने बनवलेला नाही, हे मी मान्यच करते. राघूला सुट्टीच्या दिवशी सकाळी गच्चीवर जाळीच्या पिंजऱ्यात नेतो, निम्म्या भागावर पोत्याची सावली टाकून. पुण्यातल्या एका स्नेह्यांकडून यूव्ही इंडेक्स (ऊन कातडीला किती भाजेल त्याचा आकडा) दाखवणारं सोलरमीटर ६.५ हे मीटर काही दिवसांसाठी आणलं होतं. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आसपास गच्चीवर आकडा तीन-चार, आणि भर दुपारी अकराच्याही पुढे. इग्वानाला सकाळचं ऊन पोषक आहे, दुपारचं नाही. आणि काचेच्या टाकीत ठेवून तर उन्हात कधीच नेऊ नका, काही मिनिटांत आत भट्टी होते.

पण रोज नऊ वाजता गच्चीवर कोण बसणार? मी तेव्हा ड्यूटीवर असते, घरी येईपर्यंत उन्हातलं यूव्हीबी संपलेलं असतं. जूनपासून पावसाळी हवा, कधी आठ-आठ दिवस ऊन नाही. थंडीत पहाटे पारा इतका उतरतो की इग्वानाला बाहेर काढायला अकरा वाजावे लागतात. खिडकीतलं ऊन म्हणाल तर साधी काच यूव्हीबी जवळपास सगळं अडवते. काचेमागे बसलेला इग्वाना ऊब खातो, डी३ बनवत नाही. अॅक्रिलिकच्या पारदर्शक दाराचंही तेच. म्हणून दिवा लागतोच, गच्ची असली तरी.

दिवा शोधायला मी आधी गावातच फिरले. मत्स्यालयाचं सामान ठेवणाऱ्या एका दुकानात 'यूव्ही पाहिजे ना?' म्हणून जी नळी समोर आली ती पाणी निर्जंतुक करायची होती. ती यूव्हीसी, २५४ नॅनोमीटरची. हिला जनावराजवळच काय, माणसांच्या खोलीतही उघडी पेटवू नये. डोळ्याच्या बुबुळावर भाजल्यासारखी इजा होते, आणि ती कळते काही तासांनी. दुकानदाराचा हेतू वाईट नव्हता, त्याच्या लेखी यूव्ही म्हणजे यूव्ही. पण तुम्ही विकत घेताना नॅनोमीटरचा आकडा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. माशी-डास मारायच्या मशीनमधली निळी ट्यूबही चालत नाही, ती यूव्हीए, म्हणजे यूव्हीबीपेक्षा लांब लहरींची किरणं देते, ३६५ च्या आसपास.

दुसऱ्या एका ठिकाणी मला दिव्याखाली नोट धरून दाखवली, तिच्यातले धागे चमकले. यूव्हीबी असल्याचा हा पुरावा नाही. नोटेतली शाई यूव्हीएनेही चमकते. रंग बदलणारे मणी आणि कार्डं मिळतात त्यांचंही बहुतेक तसंच. यूव्हीबी आहे का, आणि किती, हे मीटरच सांगतं.

माझ्या ओळखीतले काहीजण म्हणाले, तुमच्या चेंबरमधल्या काढून टाकलेल्या ट्यूब आणा की घरी. अजिबात नको. त्या अरुंद पट्ट्यातल्या आणि जोरदार असतात, पेशंटला आत ठेवतात ते थोडा वेळ आणि तेही आठवड्यातून दोन-तीनदा. दिवसभर खाली बसणाऱ्या प्राण्यासाठी त्या बनवलेल्याच नाहीत. आणि आमच्याकडचं मीटरही इथे कामाचं नाही, कारण त्याचा सेन्सर त्याच ट्यूबसाठी जुळवलेला असतो. दुसऱ्या दिव्याखाली धरलं तर तो काहीतरी आकडा दाखवेल आणि आपण त्यावर विश्वास ठेवू.

भावाकडून राघूबरोबर एक पिळाचा बल्ब आला होता, खोक्यावर १०.० छापलेलं. हे ५.० आणि १०.० म्हणजे त्या दिव्यातून बाहेर पडणाऱ्या किरणांत यूव्हीबीचा टक्का किती, असा साधारण अर्थ. तो टक्का आहे, जोर नाही. लहान दिव्याचे दहा टक्के आणि मोठ्या ट्यूबचे दहा टक्के यांत फार अंतर असतं, आणि खोक्यावर आकडा छापायला कुणाची परवानगी लागत नाही. मीटर आणल्यावर हाही तपासला. वीतभर अंतरावर आकडा बरा होता, हातभर अंतरावर एकच्या खाली. शिवाय जोर असतो तो थाळीएवढ्या जागेत. तेवढ्या जागेत पाच फुटांच्या राघूचं डोकं मावतं आणि बाकी अंग अंधारात. पिल्लासाठी, छोट्या पिंजऱ्यात, चांगल्या कंपनीचा असा बल्ब तात्पुरता चालेल. पण स्वस्तातला नाव नसलेला घेऊ नका. काही वर्षांपूर्वी अशा काही बल्बांतून गरजेपेक्षा आखूड लहरींची किरणं निघून सरडे-कासवांचे डोळे सुजल्याच्या तक्रारी परदेशात आल्या होत्या, आणि डोळ्यांची ही इजा काय असते ते मला माझ्या कामामुळे चांगलं माहीत आहे.

मर्क्युरीच्या बल्बबद्दल जास्त लिहावंसं वाटतं, कारण परदेशातले पुष्कळ लोक त्याचीच शिफारस करतात आणि तिथे ती बरोबरही असते. थंड देशात एकाच दिव्यातून ऊब, उजेड आणि यूव्हीबी मिळतं, आणखी काय हवं. पुण्याच्या त्याच स्नेह्यांकडे १६० वॅटचा आहे, मी तो थंडीत आमच्याकडे लावून पाहिला. डिसेंबरात राघू त्याच्याखाली अंग पसरून पडायचा, गळ्याखालची पोळी सैल सोडून. मार्च लागला आणि अडचण सुरू झाली. इग्वानाला शेकायच्या जागी ३५ ते ३८ अंश लागतात, तिथून हलल्यावर २७-३० ची सावली लागते. एप्रिल-मेमध्ये सांगलीत खोलीचाच पारा दुपारी कित्येकदा ३८ च्या आसपास जातो. तेव्हा १६० वॅटचा दिवा लावणं म्हणजे जनावर भाजणं. न लावावा तर यूव्हीबी बंद. हा बल्ब डिमरवर किंवा थर्मोस्टॅटवरही चालत नाही. म्हणजे ज्या तीन-चार महिन्यांत उन्हाळ्यामुळे गच्चीवर फार वेळ नेता येत नाही, नेमका तेव्हाच दिवाही बंद.

त्यात आपली वीज. मर्क्युरीचा बल्ब एकदा विझला की गार होईपर्यंत पुन्हा पेटत नाही, काही मिनिटं जातात. पावसाळ्यात लाइट येते-जाते तेव्हा तो दिवसभर गार होण्यातच वेळ घालवतो, आणि अशा झटक्यांनी आयुष्यही घटतं.

म्हणून मी ऊब आणि यूव्हीबी वेगळं केलं. उबेसाठी साधा हॅलोजन फ्लडलाइट, डिमिंग थर्मोस्टॅटवर. उन्हाळ्यात तो स्वतःच मंद होतो, मेमध्ये कित्येक दिवस मी तो काढूनच ठेवते. यूव्हीबीसाठी ट्यूब, जी बारा महिने चालू. ट्यूब गरम होते, पण पिंजरा तापवत नाही. आर्केडियाच्या किटला मी जे चांगले गुण देतेय ते मुख्यत: याच कारणाने. आपल्या हवेत ऊब आणि यूव्हीबीची बटणं वेगळी असणं ही चैन नाही, गरज आहे.

आता किटबद्दल. ट्यूब, चोक आणि रिफ्लेक्टर एकाच सडपातळ पट्टीत येतं. माझ्या ३९ वॅटच्या पट्टीतली ट्यूब ८४९ मिलिमीटरची, १६ मिलिमीटर जाड. आपल्या जुन्या चार फुटी ट्यूबपेक्षा आखूड आणि बरीच बारीक. रिफ्लेक्टरचा पत्रा गुळगुळीत आहे आणि वाकवलाय नीट, वर फुकट जाणारी किरणं खाली येतात. नुसत्या पांढऱ्या पट्टीत तीच ट्यूब लावली तर खाली पडणारं यूव्हीबी बरंच कमी होतं, त्यामुळे रिफ्लेक्टरचे पैसे वाचवू नका. कंपनी इंग्लंडची, माझ्या किटचा प्लग तिथल्या तीन चौकोनी पिनांचा होता. इलेक्ट्रिशियनकडून आपला थ्री-पिन लावून घेतला. अमेरिकेतून कुणी पट्टी आणून देत असेल तर ती २२०-२४० व्होल्टवर चालते का ते आधी बघा, तिथे निम्म्या व्होल्टची वीज असते.

आणि इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे, कारण ती कुठेच लिहिलेली नसते. नुसती ट्यूब मागवून ती गावातल्या पट्टीत बसवायचा विचार असेल, तर चोकचे वॅट बघा. दुकानात आता टी५ म्हणून जी मिळते ती बहुतेक एलईडीची पट्टी असते, तिच्यात ही ट्यूब बसतच नाही. जुन्या ऑफिसातून निघालेल्या खऱ्या टी५ पट्ट्या मिळतात, त्या १४, २१ आणि २८ वॅटच्या. हाय-आउटपुट ट्यूब २४, ३९ आणि ५४ वॅटच्या. गंमत अशी की लांबी तीच. २१ ची आणि ३९ ची दोन्ही ८४९ मिलिमीटरच्या. त्यामुळे ३९ वॅटची यूव्हीबी ट्यूब २१ वॅटच्या पट्टीत आरामात बसते, पेटते, पांढराशुभ्र उजेडही देते, पण चोक तिला निम्म्याच ताकदीने चालवतो. बघणाऱ्याला काही कळत नाही. जबडा सुजल्यावर कळतं.

टांगण्याची जागा. सहा, बारा आणि चौदा टक्के अशा ट्यूब येतात. सहाची सावलीतल्या प्राण्यांना, चौदाची कडक उन्हातल्या वाळवंटी प्राण्यांना. इग्वाना झाडाच्या शेंड्यावर बसून ऊन खाणारा, उन्हातून सावलीत येणारा-जाणारा. गॅरी फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानातल्या सरड्यांवर पडणारं यूव्ही मोजून २०१० मध्ये जे चार गट मांडले, त्यातल्या तिसऱ्या गटात तो धरतात: दिवसभराची सरासरी यूव्ही इंडेक्स १ ते २.६, आणि शेकायच्या जागी जास्तीत जास्त २.९ ते ७.४ च्या दरम्यान. म्हणजे फांदीवर तीन-चार मिळालं की पुरे, आणि पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला शून्य मिळालं पाहिजे. शून्याची जागा ठेवलीच पाहिजे, जनावराला नको असेल तेव्हा जायला.

माझी पट्टी वरच्या जाळीवर बाहेरून बसवली आहे, कारण राघूची नखं ट्यूबला लागली तर काय होईल याची मला काळजी वाटते. इंचभर भोकांच्या जाळीतून फारसं अडत नाही. डासांच्या बारीक जाळीवर ठेवाल तर निम्म्यापर्यंत जोर अडतो, तसं करू नका. जाळीखाली मीटर धरलं तेव्हा ट्यूबपासून ३० सेंटीमीटरवर पाचच्या वर, ४० वर साडेतीन-चारच्या आसपास, ६० वर दोनच्या आगेमागे. हे अंतर फांदीपर्यंत मोजायचं नाही. मोठा इग्वाना पुढच्या पायांवर उभा राहिला की डोकं फांदीपासून चांगलं वीतभर वर येतं. मी राघूच्या पाठीपाशी ४० धरलं आणि त्या हिशोबाने फांदी आणखी खाली घेतली. हॅलोजन ट्यूबच्या शेजारीच आहे, दोन्हींचा उजेड एकाच जागी पडेल असा. एका कोपऱ्यात ऊब आणि दुसऱ्या कोपऱ्यात ट्यूब असेल तर इग्वाना उबेपाशीच बसणार, आणि ट्यूब रिकाम्या फांदीला यूव्हीबी देत राहणार.

दिवा वरूनच हवा. त्याच्या भुवईची कड डोळ्यावर सावली धरते ती वरच्या उन्हासाठी, बाजूने आलेल्या किरणांना ती अडवू शकत नाही. दिवा लावल्यापासून जनावर डोळे मिटून बसत असेल, चोळत असेल, तर विचार करत बसू नका, आधी दिवा बंद करा आणि मग पशुवैद्यांना फोन करा.

वेळ मी बारा तास ठेवली आहे, टायमरवर. टायमर घेताना चकतीचा घेऊ नका. वीज गेली की त्याची चकती थांबते आणि प्रत्येक भारनियमनानंतर वेळ मागे पडते, महिन्याभरात राघूची सकाळ दुपारी व्हायची. आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या. एखाद्या दिवशी वीजच नसेल तर यूव्हीबीची फार चिंता नको, डी३ शरीरात शिल्लक असतं. थंडीत वीज गेली तर उबेची चिंता आधी करा.

देखभाल म्हणजे दोन कामं, पुसणं आणि बदलणं. पुसणं आठवड्याला, दिवा बंद करून गार झाल्यावर, किंचित ओल्या मऊ फडक्याने ट्यूब आणि रिफ्लेक्टर दोन्ही. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला आणि उसाचं पाचट पेटवायला लागले की आमच्याकडे गॅलरीत काळी काजळी उडत येते, तेव्हा दोनदा पुसावं लागतं. त्या काजळीचा थर डोळ्यांना कमी दिसला तरी किरणांना अडवतोच.

बदलण्याचं असं: टी५ ट्यूब वर्षभर, जुन्या जाड टी८ ट्यूब सहा महिने. रोज बारा तास धरले तर वर्षाचे ४३८० तास होतात. त्यानंतर ट्यूब पेटत राहते, उजेडही देते, पण आतला फॉस्फर, म्हणजे किरणं देणारा लेप, थकलेला असतो आणि काचही यूव्हीबी कमी सोडते. घरी मीटर असेल तर पहिल्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा आणि तो एक तृतीयांशाने घसरला की बदला. मीटर परदेशातून मागवावं लागतं आणि ते ट्यूबपेक्षा महाग पडतं, म्हणून सांगली, मिरज, कोल्हापूरचे चार-पाच जण मिळून एक घेतलं तर उत्तम. नसेल तर तारीख पाळा. ट्यूबच्या टोकाला, धातूच्या टोपीवर, मार्करने तारीख टाका.

मी ट्यूब मृग लागता लागता बदलते. नंतर तीन-चार महिने गच्चीचं ऊन भरवशाचं नसतं, राघू पूर्णपणे ट्यूबवर असतो, तेव्हा ट्यूब नवी असावी. जुनी होऊन तिचा जोर उतरतो तोवर पुढचा एप्रिल-मे आलेला असतो आणि सकाळच्या उन्हाची भर मिळते. नवी ट्यूब पहिले शंभर तास जरा जास्तच जोरात असते, म्हणून पहिला आठवडा-दीड आठवडा फांदी एक खुंटी खाली ठेवते.

जुनी ट्यूब घंटागाडीत टाकू नका, तिच्यात पारा असतो. ई-कचऱ्यात द्या. फुटली तर आधी जनावराला आणि मुलांना खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा, थोड्या वेळाने पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा आणि बारीक कण चिकटपट्टीने टिपा. झाडू आणि व्हॅक्यूम दोन्ही नको, पारा उडतो.

राघूची तब्येत विचाराल तर जबडा कडक, पकड अशी की हातावर घेतल्यावर बाहीवर ओरखडे. मध्यंतरी पशुवैद्यांनी दुसऱ्या कारणासाठी एक्स-रे काढला तेव्हा हाडांच्या कडा ठळक आणि भरीव दिसल्या. सगळं श्रेय ट्यूबला देणार नाही. शेवग्याचा पाला, तुती, जास्वंदीची पानं-फुलं, भोपळा असा त्याचा आहार आहे, आणि पालक आम्ही टाळतो, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं.

खर्चाचं सांगायचं तर वाहतूक आणि कर धरून किट मला दहा हजारांच्या आसपास पडलं. ही रक्कम लहान नाही हे मला कळतं. पण इग्वाना पंधरा-वीस वर्षं जगतो, पट्टी टिकते, आणि दरवर्षी फक्त ट्यूब घ्यावी लागते. पिंजरा तीन फुटांच्या आत असेल तर २४ वॅटचं किट पुरेल. माझ्यासारखा पाच फुटी असेल तर ३९ च घ्या, म्हणजे निम्म्या भागावर उजेड आणि उरलेल्यात सावली राहते. ट्यूब मागवताना विक्रेत्याला वॅट, मिलिमीटरमधली लांबी आणि टक्के, तिन्ही लिहून पाठवा, 'टी५ यूव्हीबी' एवढंच लिहिलं तर काहीही येऊ शकतं. आणि पार्सल आलं की कुरिअरवाल्याला दोन मिनिटं थांबवून त्याच्यासमोर उघडा, ट्यूबची दोन्ही टोकं आणि पिना तपासा, मगच सही करा.